मासा न लागण्याची मीमांसा : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात

१

शकुन-अपशकुनांचा विचार लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी पुष्कळ केला आहे. परंतु त्या विचारात एका गोष्टीची उपेक्षा झालेली दिसते. अपशकुन सांगणारा मनुष्य तो सांगताना गंभीर होता की हसत होता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मराठी मुलखातील लोकभ्रमांची जी जुनी संकलने अभ्यासकांच्या हाती आहेत त्यांची घडण पाहिली म्हणजे ह्या उपेक्षेचे कारण ध्यानात येते. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन ह्यांनी प्रश्नावली तयार करून गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरे मागविली होती. १९०९ च्या डिसेंबरात जॅक्सन ह्यांचा वध झाल्यानंतर ती सामग्री आर. ई. एन्थोवेन ह्यांच्या हाती आली. तिच्या आधारे कोकणासंबंधीची टिपणे १९१५ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढे १९२४ साली ‘द फोकलोअर ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ सिद्ध झाला. ह्या उद्योगाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु प्रश्नावलीला मिळालेले उत्तर हे विधान असते. विधानात आवाज नसतो, चेहरा नसतो, आणि बोलणाऱ्याच्या शेजारी कोण बसले होते ह्याचाही पत्ता नसतो. ‘मांजर आडवे गेल्यास काम होत नाही’ हे वाक्य कागदावर उतरले की ते श्रद्धेचे वाक्य होते. मग मुळात ते थट्टेने उच्चारलेले का असेना.

हा दोष जेथे सर्वांत अधिक जाणवतो असा विषय म्हणजे मासे धरणाऱ्यांचे, विशेषतः गळ टाकून बसणाऱ्यांचे, अपशकुन. गळकऱ्याच्या उद्योगात प्रतीक्षा दीर्घ आणि फळ अल्प. रिकामी टोपली घेऊन परतणाऱ्याला घरी व वाटेवर काही ना काही कारण सांगावे लागते. ‘निघताना कोणी तरी हटकले’, ‘सकाळी कोणाचे तोंड पाहिले होते कोण जाणे’, ‘मांजर आडवे गेले तेव्हाच ओळखले’ ही ती कारणे होत. ही वाक्ये श्रद्धेची म्हणावयाची, सबबीची म्हणावयाची, की विनोदाची? ह्या प्रश्नाचे उत्तर जुन्नर व आंबेगाव ह्या दोन तालुक्यांच्या संदर्भात शोधणे अनेक दृष्टींनी उपयुक्त आहे. तेथे मासेमारीचा इतिहासच असा आहे की, अपशकुनांसंबंधीच्या प्रचलित उपपत्तींची तेथे चांगली पारख होते.

२

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस सह्याद्रीला लागून असलेल्या ह्या दोन तालुक्यांत कुकडी, मीना, पुष्पावती व घोड ह्या नद्यांची खोरी आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्पाखाली ह्या खोऱ्यांत येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे अशी पाच धरणे झाली. त्यांतील डिंभे हे घोड नदीवर, आंबेगाव तालुक्यात आहे. ज्या गावाच्या नावाने हा तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगाव ह्याच धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगाव येथे आहे.

पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातील प्रमुख वस्ती महादेव कोळ्यांची. ‘कोळी’ हा शब्द ऐकताच होडी, जाळे आणि नारळी पौर्णिमा ही चित्रे शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. ही समजूत येथे लागू पडत नाही. महादेव कोळी हे परंपरेने डोंगरउतारावरील शेतकरी होत. भात, नाचणी, वरई ही त्यांची पिके. हिरडा गोळा करणे हा त्यांचा जोडधंदा. उतारावर बांध घालून भातखाचरे तयार करण्याची ‘पडकई’ ही त्यांची सामुदायिक पद्धती. गो. स. घुर्ये ह्यांनी ‘द महादेव कोळीज’ (१९५७) हा स्वतंत्र ग्रंथ ज्या जमातीवर लिहिला ती ही जमात. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर येणारे चढणीचे मासे धरणे ही गोष्ट घाटमाथ्याच्या जीवनातलीच आहे. परंतु तो हंगामी लाभ होय, त्याला धंदा म्हणता येत नाही.

डिंभे धरणामुळे जमिनी बुडाल्या आणि पुढ्यात जलाशय आला. ‘शाश्वत’ ह्या संस्थेच्या साहाय्याने तेथील आदिवासींनी मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेण्याचाही प्रयत्न केला. ह्या कामाबद्दल ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर पारितोषिक’ मिळाले. तात्पर्य, ज्यांना बाहेरचे लोक जन्मजात मासेमार समजतात ते येथे आपली शेते बुडाल्यामुळे मासेमार झाले.

मासेही बरेचसे नवे. कर्नल साइक्स ह्यांनी दख्खनच्या माशांचे जे वर्णन १८३० नंतरच्या दशकात सिद्ध केले त्यात खुद्री, कोळस, शिंगाळा अशी स्थानिक नावेच त्यांनी शास्त्रीय नामकरणात योजली. ते नदीचे मासे होते आणि नदीकाठच्या भाषेत त्यांना नावे होती. जलाशयात बोटुकली सोडून वाढविले जाणारे रोहू, कटला व मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील, आणि ‘चिलापी’ तर आफ्रिकेतून आलेली. तेव्हा येथे पाणी नवे, मासा नवा आणि धंदाही नवा. अशा स्थितीत वाडवडिलांकडून आलेले धंद्याचे अपशकुन असणार कोठून?

म्हणूनच वर दिलेली कारणे पुन्हा पाहण्यासारखी आहेत. हटकणे, तोंड पाहणे, मांजर आडवे जाणे, शिंक, समोरून येणारी रिकामी घागर ह्या घाटावरच्या मराठीत सहज तोंडी येणाऱ्या अपशकुनांत पाणी नाही, गळ नाही आणि मासाही नाही. ते सगळे घरातून निघण्याचे अपशकुन आहेत. लग्न ठरवावयास, बाजाराला किंवा कोर्टकचेरीच्या कामाला निघालेल्यालाही तेच लागू पडतात. ह्याउलट स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये समुद्रावर असताना डुकराचे, ‘सामन’ माशाचे किंवा धर्मोपदेशकाचे नाव घेणे निषिद्ध होते. हा निषेध होडीत पाऊल टाकल्यावर सुरू होतो, म्हणजे तो धंद्याच्या पोटातला आहे. जातीच्या नावावरून समुद्रकाठचे शकुन डोंगरकाठच्या माणसावर लादणारा अभ्यासक हा भेद पुसून टाकतो.

३

मासेमारी आणि जादू ह्यांच्या संबंधाची प्रसिद्ध उपपत्ती ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की ह्यांची. ट्रोब्रिअँड बेटांवरील निरीक्षणांच्या आधारे १९२५ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, खाडीच्या आतल्या शांत पाण्यात विषारी वनस्पती टाकून मासे धरतात तेथे फळ निश्चित असल्यामुळे जादूचे विधी आढळत नाहीत. उघड्या समुद्रावर, जेथे संकट आणि अनिश्चितता दोन्ही आहेत, तेथे विधींचा मोठा पसारा असतो. ही उपपत्ती पाठ्यपुस्तकांतून इतकी रुळली आहे की तिच्यातील एक संदिग्धता सहसा लक्षात येत नाही. संकट आणि अनिश्चितता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि मॅलिनोव्स्की त्यांना एकाच दावणीला बांधतात. समुद्रात बुडण्याचे भय वेगळे, आणि मासा न मिळण्याची शक्यता वेगळी. पहिल्यात जीव जातो, दुसरीत एक वेळचे कालवण जाते.

हा भेद पुढे अमेरिकेतील जॉन पॉगी व कार्ल गर्सुनी ह्या संशोधकांनी १९७२ साली स्पष्ट केला. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मासेमारांच्या निषेधांचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की, हे निषेध मुख्यतः जिवाच्या धोक्याशी निगडित आहेत. मासळी कमी-अधिक मिळण्याच्या अनिश्चिततेशी त्यांचा संबंध तेवढा नाही. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु तो मान्य केल्यावर एक प्रश्न उरतो. जीव धोक्यात नाही, पण फळ मात्र अनिश्चित आहे, अशा जागी मनुष्य काय करतो? तेथे विधी नसेल, पण तेथे शांतताही नसते. तेथे बोलणे असते, आणि ते बोलणे बहुधा विनोदाचे असते. भयाच्या जागी विधी आणि अपयशाच्या जागी विनोद, असा हा विभाग आहे.

घाटावरच्या लोकजीवनात ह्या विभागाचा पडताळा मिळतो. खोल डोहात, विहिरीत किंवा नदीच्या वळणावर ‘साती आसरां’चे ठाणे मानण्याची रीत महाराष्ट्रात दूरवर पसरलेली आहे. पाण्यात मनुष्य बुडाला की आसरांनी ओढून नेला असे म्हणतात. त्यांच्या दगडांना शेंदूर लावतात, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या व खण वाहतात. मावळ भागात ह्याच जातीच्या देवता ‘मावळाया’ म्हणून ओळखल्या जातात, दा. ध. कोसंबी ह्यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मध्ये त्यांचा संबंध कार्ले येथील कोरीव लेखातील ‘मामाल’ ह्या प्रदेशनामाशी जोडून त्यांचे प्राचीनत्व दाखविले आहे. ह्या आसरांसंबंधी बोलताना सूर बदलतो. तेथे सबब नाही, कोटी नाही. आणि मासा लागला नाही म्हणून कोणी आसरांवर ठपका ठेवीत नाही. तो ठपका मांजरावर, शेजाऱ्यावर किंवा स्वतःच्या नशिबावर जातो. एकाच पाण्याच्या काठी दोन प्रकारची भाषा वावरते, आणि बोलणाऱ्यांना तिच्यातील सीमा अचूक ठाऊक असते. ती अभ्यासकालाच ठाऊक नसते.

अडथळ्यासाठी मराठीत असे दोन शब्दप्रयोगही आहेत. एक ‘विघ्न’. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी ओझरला जो विनायक आहे तो विघ्नेश्वर किंवा विघ्नहर. विघ्नासुराचा पाडाव झाल्यावर त्याच्याच विनंतीवरून देवाने त्याचे नाव धारण केले अशी कथा सांगतात. संकटाला एवढा मान मिळाला की ते देवाच्या नावात जाऊन बसले. दुसरा शब्दप्रयोग ‘माशी शिंकली’. शिंक हा अपशकुन खरा, पण तो माणसाच्या शिंकेचा. सगळे जुळून आले असता ऐनवेळी काम फिसकटले, कारण काही सापडत नाही, तेव्हा ‘कोठे माशी शिंकली कोण जाणे’ असे म्हणतात. हा अपशकुनाचा विडंबनात्मक अवतार होय. माशीची शिंक कोणी ऐकलेली नाही, आणि ती ऐकू येत नाही म्हणूनच ती कोणत्याही अपयशाला पुरते. शकुनशास्त्राची एवढी मार्मिक टीका एखाद्या सुधारकाच्या निबंधातही क्वचित सापडेल. ती भाषेनेच केली आहे.

४

विनोदी अपशकुनांची घटना तपासली म्हणजे त्यांचे तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार हटकण्याचा. निघालेल्या माणसाला ‘कोठे निघालात?’ असे विचारू नये, आणि निघणाऱ्याने ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे, हा मराठी घरातील सर्वपरिचित शिष्टाचार आहे. गळ घेऊन निघालेल्या माणसाच्या बाबतीत ह्या शिष्टाचारातून मौज निर्माण होते. खांद्यावर काठी आणि हातात गांडुळांचा डबा असलेला मनुष्य कोठे निघाला आहे हे विचारण्याची वस्तुतः आवश्यकताच नसते; तरी विचारणारा विचारतोच. विचारणाऱ्याला ठाऊक असते की आपण हटकतो आहोत, आणि जाणाऱ्याला ठाऊक असते की संध्याकाळी सांगावयाचे कारण आपल्याला सकाळीच मिळाले आहे. म्हणजे येथे अपशकुन हा दोघांनी मिळून खेळावयाचा खेळ झाला. यादीत तो ‘प्रस्थानसमयी प्रश्न विचारणे अशुभ’ एवढाच उरतो.

दुसरा प्रकार प्रतिष्ठित अपशकुनांना विरोध करणाऱ्या विचित्र अपशकुनांचा. ह्याचे सर्वांत गमतीचे उदाहरण मराठी मुलखाबाहेरचे आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर व हवाई बेटांत हौशी गळकऱ्यांच्या होड्यांवर केळे नेणे अशुभ मानतात. त्याची कारणे अनेक सांगितली जातात : केळी वाहून नेणारी जहाजे वेगाने जात म्हणून त्यांवर मासा लागत नसे, घडांतून विषारी कीटक येत, किंवा बुडालेल्या जहाजांची केळीच तेवढी तरंगताना दिसत. कारणे जितकी अधिक तितका अपशकुन नंतरचा आणि स्पष्टीकरण त्याहूनही नंतरचे, असे समजण्यास हरकत नाही. आपल्याकडे केळीचे खांब सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधतात, आणि केळे हे नैवेद्याचे फळ. एका ठिकाणचे मंगल दुसऱ्या ठिकाणी अमंगल ठरते, आणि मासा मात्र दोन्ही ठिकाणी आपल्या मर्जीनेच लागतो, ह्या विसंगतीची जाण गळकऱ्यालाही असते. केळे शिदोरीत सापडले म्हणून सोबत्याची खरडपट्टी काढणारा मनुष्य त्या केळ्याला खरोखर भितो असे नव्हे. निष्फळ दिवसाला तोंड देण्यासाठी त्याला एक प्रतिवादी हवा असतो, आणि केळे उलट उत्तर देत नाही.

तिसरा प्रकार निसटलेल्या माशाचा. येथे अपशकुन गळ टाकण्यापूर्वी घडत नाही. तो शेवटच्या क्षणी घडतो. निसटलेला मासा सर्व देशांत मोठाच असतो, आणि सांगण्याच्या प्रत्येक आवृत्तीत तो वाढत जातो. जेरोम के. जेरोम ह्यांच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) मध्ये एका खाणावळीत काचेच्या पेटीत ठेवलेला प्रचंड मासा आपणच पकडला असे एकामागून एक अनेक जण सांगतात. शेवटी तो पडून फुटतो आणि प्लास्टरचा निघतो. तेथे हसू खोटेपणाचे आहे. पण ज्याने मासा निसटल्याचे सांगितले त्याची स्थिती अधिक सूक्ष्म आहे. त्याच्या हातात काहीच नाही, त्यामुळे त्याचा मासा फुटण्याचा प्रश्नच येत नाही. दुर्दैवाची कथा ही सिद्धीच्या कथेहून अधिक सुरक्षित असते. श्रोत्यांना हे कळते, आणि कळूनही ते ऐकतात. ह्या ऐकण्यात एक सामाजिक सौजन्य आहे : रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला निदान एक गोष्ट तरी पदरात घालून घरी पाठवावयाचे.

५

येथवरच्या विवेचनावरून विनोदी अपशकुन हे सर्वथा निरुपद्रवी असतात असा समज होण्याचा संभव आहे. तो टाळला पाहिजे. अपशकुनाच्या प्रत्येक वाक्यात दोषाची वाटणी असते, आणि ती वाटणी कोणाच्या वाट्याला येते ह्यावर त्या वाक्याचे स्वरूप अवलंबून असते. मांजर, केळे, माशी ह्यांच्यावर दोष टाकला तर कोणाचे काही बिघडत नाही. हटकणाऱ्या मित्रावर टाकला तर तो उद्या परतफेड करू शकतो. परंतु ‘सकाळी कोणाचे तोंड पाहिले’ ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जेव्हा एखाद्या विधवेचे नाव पुढे येते, किंवा घरात नुकत्याच आलेल्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हटले जाते, तेव्हा वाक्याची घडण तीच राहते आणि त्यातील विनोद नाहीसा होतो. जुन्या याद्यांत ‘मांजर’, ‘रिकामी घागर’ आणि ‘विधवा’ ही पदे एकाच ओळीत सुखेनैव नांदतात. संकलनाच्या तटस्थपणाचे हे सर्वांत मोठे अपयश होय. मांजराला आपण यादीत असल्याचे कळत नाही; त्या स्त्रीला मात्र ते रोज कळत असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ साली करावा लागला, ह्यावरून ही गोष्ट केवळ जुन्या ग्रंथांतली नाही हे उघड आहे.

ह्या बाबतीत लोककथाच अभ्यासकाच्या पुढे गेलेली दिसते. अकबर-बिरबलाच्या नावावर सांगितली जाणारी एक कथा सर्वश्रुत आहे. ज्याचे तोंड पाहिले असता दिवसभर अन्न मिळत नाही असा एक मनुष्य. बादशहाने त्याचे तोंड पाहिले, तो दिवस उपाशी गेला, आणि त्या माणसाला फाशीची शिक्षा झाली. तेव्हा बचाव असा मांडला गेला की, ह्याचे तोंड पाहून खाविंदांचे एक जेवण चुकले, पण खाविंदांचे तोंड पाहून ह्याचा प्राण जात आहे. मग अधिक अपशकुनी तोंड कोणाचे? दोष दुर्बलाकडून उचलून तो बलवानाच्या पदरी टाकला की अपशकुन कोसळतो. विनोद आणि दुष्ट रूढी ह्यांतील सीमारेषा ह्या कथेने नेमकी दाखविली आहे. दोष परत येऊ शकतो तोवर तो विनोद. तो एका जागी कायमचा चिकटला की ती रूढी.

दोषाची दुसरी एक वाटणीही विचारात घेतली पाहिजे. जलाशयातील मासळीच्या अनिश्चिततेचा काही भाग नशिबाचा नसतो. धरणातून पाणी केव्हा व किती सोडावयाचे हे खालच्या तालुक्यांच्या सिंचनाच्या गरजेवर ठरते. बोटुकली किती सोडली, मासेमारीचा हक्क कोणाकडे राहिला, ह्यांवरही पुढची मासळी ठरते. ही कारणे शोधता येतात आणि त्यांबद्दल जाब विचारता येतो. ‘आज नशीब नव्हते’ हे वाक्य गळ टाकून बसलेल्या हौशी माणसाच्या तोंडी शोभते. ज्याचे शेत पाण्याखाली गेले त्याच्या संसाराचा हिशेब त्या वाक्याने पुरा होत नाही. डिंभ्याच्या काठी सहकारी संस्था उभी राहिली, ह्याचा अर्थच असा की जेथे कारण शोधावयाचे तेथे ते शोधले गेले. थट्टेची जागा आणि हक्काची जागा ह्यांची गल्लत तेथील लोकांनी केली नाही.

६

ह्या सर्व विवेचनाचे तात्पर्य संशोधनाच्या पद्धतीपुरते सांगावयाचे तर ते असे. अपशकुनाची नोंद करताना केवळ त्याचा मजकूर टिपणे पुरेसे नाही. तो कामापूर्वी सांगितला की अपयश आल्यावर, जिवाच्या भयाच्या संदर्भात की रिकाम्या टोपलीच्या, ऐकणारे हसले की गप्प राहिले, आणि मुख्य म्हणजे दोष कोणाच्या वाट्याला गेला, ह्या चार गोष्टी त्या नोंदीबरोबर आल्या पाहिजेत. कामापूर्वी सांगितलेला अपशकुन माणसाला घरी परत फिरवितो. नंतर सांगितलेला त्याला केवळ घरी तोंड दाखविण्यापुरता उपयोगी पडतो. दोहोंना ‘अंधश्रद्धा’ हे एकच नाव देणारा अभ्यासक पहिल्याचे गांभीर्य कमी करतो आणि दुसऱ्यावर अन्याय करतो. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध जो अधिनियम केला त्याच्या अनुसूचीतही ठरावीक अपायकारक कृत्यांचीच गणना आहे. लोकांच्या तोंडच्या प्रत्येक शकुनवाक्यावर तेथे बोट ठेवलेले नाही. कायद्याने जो विवेक पाळला तो समीक्षेने पाळू नये, ह्याचे समर्थन करता येणार नाही.

जुन्नर-आंबेगावच्या जलाशयांवर मासेमारीची परंपरा आता कोठे एक-दोन पिढ्यांची होत आहे. तेथे धंद्याच्या पोटातले स्वतंत्र अपशकुन अद्याप रुजावयाचे असतील, तर ते रुजताना पाहण्याची संधी आजच्या अभ्यासकांना आहे. अशी संधी सागरकाठच्या किंवा युरोपातील जुन्या मासेमार वस्त्यांच्या संशोधकांना मिळाली नव्हती, कारण त्यांच्या हाती आले ते सर्व आधीच पिकलेले होते. रोहूला किंवा चिलापीला उद्या कोणता शकुन चिकटेल आणि तो कोणत्या सुरात सांगितला जाईल, हे टिपण्यासाठी प्रश्नावली घेऊन जाणारा विद्यार्थी उपयोगी पडणार नाही. त्यासाठी काठावर बसून वाट पाहणारा विद्यार्थी हवा. आणि एखादा दिवस त्याचीही वही कोरी राहिली, तर त्यालाही एखादे मांजर आडवे गेले असेल, एवढे समजून घेणारे मार्गदर्शक हवेत.